ज्यानं ‘ये’ म्हटलं

अंजूर, ता. भिवंडी
दि. ३ नोव्हेंबर २०२५

चि. भाविक यास पंढरीकाकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. मी तुझ्याशी बोलत नाही, हे कायम आहे. गौरीच्या दिवशी गावदेवीसमोर मी काय म्हटलं ते सगळ्या आळीनं ऐकलं आहे. माणसांना मजेसाठी खोल समुद्रात उतरवायचा धंदा तू बंद करत नाहीस तोवर मी तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही. पण लिहिणार नाही असं मी म्हटलेलं नाही. ही पळवाट तुझ्या काकीनं शोधली आणि पोस्टाची पाकिटंही तिनंच आणून ठेवली. आमची वकीलबाई उन्नती म्हणाली, मग व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा. पण त्यावर लिहिलं तरी लोक ‘काल आमचं बोलणं झालं’ असं म्हणतात, म्हणून ते बाद.

इकडे भात कापून झालं. खालच्या खाचरांच्या कडेला आणखी एक गोडाऊन उभं राहतंय आणि ट्रकवाल्यांनी रस्त्याची पार वाट लावली आहे. तू तुझ्या वाट्याची जमीन देऊन बोट घेतलीस याचा मला राग नाही. माझी स्वतःची जमीन गोडाऊनखाली आहे, मी कोणत्या तोंडानं बोलू? राग वेगळा आहे. आपल्या घरानं खाडीत मचवा चालवला तो मीठ आणि पेंढा न्यायला. पाणी ही कामाची जागा आहे. धड पोहता न येणाऱ्याच्या पाठीला हवेची टाकी बांधून त्याला तळाशी सोडायचं आणि वर त्याचे फोटो काढायचे, हे मला पटत नाही.

एकच विचारायचं आहे. मचवा सुटताना तो चालवणारा तांडेल ‘येतो’ म्हणायचा आणि धक्क्यावरचं कुणीतरी ‘ये’ म्हणायचं. ज्यानं ‘ये’ म्हटलं त्यानं मचवा परत लागेपर्यंत धक्का सोडायचा नाही, हा आपल्या घरचा नियम. पाण्यावर काही झालं तर पहिली हाक त्याला. तुझी काकी नवी नवरी असताना सवयीनं ‘ये’ म्हणून गेली आणि दिवसभर धक्क्यावर अडकली. तिचं जेवण आईनं तिथं नेऊन दिलं. अजून ती त्यावरून मला ऐकवते. तर तुझ्या बोटीला ‘ये’ कोण म्हणतं, ते कळव.

अबोल्यानं लोभ आटलेला नाही, तुझ्याकडूनही आटू देऊ नकोस.

तुझा,
पंढरीकाका


खाजणवाडी, जि. सिंधुदुर्ग
दि. १६ नोव्हेंबर २०२५

ती. काकांस भाविकचा शि. सा. न.

तुमचं पत्र लडकूला वाचून दाखवलं. तो इतका हसला की हातातला चहा सांडला. मग म्हणाला, काका रागावतात तेसुद्धा कायद्यात बसवून, उन्नतीनं वकिली कुणाकडून उचलली ते आता कळलं. हिरामणदादांना सांगा, तुमचा मुलगा लडकू इथं मजेत आहे. सगळी बोट त्याच्या हातात आहे आणि इथले जुने तांडेलही त्याला मानतात.

काका, तुम्ही समजता तसं आम्ही कुणालाही उचलून पाण्यात टाकत नाही. किनाऱ्यापासून दोन तासांवर घोडेखडक म्हणून पाण्याखालचा डोंगर आहे. तिथलं पाणी काचेसारखं स्वच्छ असतं. पाहुण्यांना आदल्या दिवशी तलावात शिकवतो, प्रत्येकाबरोबर आमचा पाण्याखालचा गाइड असतो. खाली गेलेला माणूस घाबरून झपकन वर आला तर अंगात वारा धरतो, म्हणजे रक्तात हवेचे बुडबुडे होऊन हातपाय बधिर पडतात, त्यासाठी बोटीवर ऑक्सिजन ठेवतो आणि दुसरा सिलिंडर धक्क्यावरच्या गाडीत.

‘ये’ मीच म्हणतो. ते ऐकल्याशिवाय लडकू इंजिनच चालू करत नाही. पाहुण्यांना गंमत वाटते, तेही त्याच्याबरोबर ‘येतो’ म्हणून ओरडतात. आता दिवसभर धक्क्यावर बसून राहणं मात्र होत नाही. बुकिंग बघायचं, मुंबईच्या भागीदाराचे फोन घ्यायचे, हजार कामं. हल्ली खिशात मोबाईल आहे, हाक कुठूनही ऐकू येते.

आणि काळजी करू नका. स्वतःच्या जोखमीवर आलो असं प्रत्येक पाहुणा सही करून देतो. तो कागद उन्नतीनंच लिहून दिला आहे. उद्या काही झालंच तरी आपले हात मोकळे.

काकीला नमस्कार. रागासकट तुमची माया आमच्यावर राहू द्या.

आपला,
भाविक


भिवंडी
दि. २ डिसेंबर २०२५

प्रिय भाविकदादा,
स. न. वि. वि.

पार्सल उघडलंस की आधी वास येईल. आईनं तुला सुके बोंबील पाठवलेत. समुद्राकाठी राहणाऱ्याला बोंबील कशाला, असं मी विचारलं. तिकडच्या बोंबलांना चव न्हाय, असं तिचं म्हणणं. वाद घालण्यात अर्थ नव्हता.

पार्सलमध्ये खाली संमतीपत्राची नवी प्रत आहे. तीच वापर. तुझ्या वेबसाइटवर जो कागद दिसतो तो माझा नाही. माझ्या कागदाच्या शेवटी तुझ्या भागीदारानं एक ओळ घुसवली आहे, की कोणत्याही कारणानं काहीही झालं तरी कंपनी जबाबदार नाही. ती काढून टाक. ती ओळ कोर्टात एक दिवस टिकणार नाही, आणि वाईट म्हणजे तुम्हाला बेसावध करेल.

नीट समजून घे. पाहुणा सही करतो ती समुद्राच्या जोखमीवर. लाट आली, पायाला शिंपला कापला, पोटात ढवळलं, हे त्यानं पत्करलेलं असतं. सिलिंडर रिकामा निघणं किंवा गाडी जागेवर नसणं हे त्यानं पत्करलेलं नसतं, कारण ते त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तो आपला हलगर्जीपणा. सहीनं तो पाहुण्याच्या अंगावर ढकलता येत नाही.

‘आपले हात मोकळे’ या तुझ्या वाक्यावर बाबा थांबले. पत्र माझ्यापुढं धरून त्यांनी विचारलं, हे तू शिकवलंस का. मला फार वाईट वाटलं. मी कागद लिहिला तो पाहुण्यानं धोका समजून घ्यावा म्हणून, तू निर्धास्त व्हावंस म्हणून नव्हे. रागावू नकोस. गाडी धक्क्यावरून हलवू नकोस, एवढं तरी ऐक.

बोंबील मांजरासारखा एकटा फस्त करू नकोस, लडकूला दे, आणि बहिणीची आठवण असू दे.

तुझी,
उन्नती


खाजणवाडी
दि. २० जानेवारी २०२६

प्रिय उन्नती,
स. न. वि. वि.

फोनवर तू विचारत होतीस आणि मला धड एक वाक्य पुरं करता येत नव्हतं. म्हणून लिहितो.

गेल्या बुधवारी सकाळी समुद्राला फुगवटा होता, लाटा उंच होत्या. लडकू पाणी बघून आला आणि आज नको, उद्या जाऊ म्हणाला. पाहुण्यांना त्याच संध्याकाळी परतायचं होतं. आपल्याकडच्याच काल्हेरच्या एका गोडाऊनच्या ऑफिसातली पाच-सहा मंडळी होती. भागीदार फोनवरून मागे लागला होता, की ट्रिप रद्द झाली तर लोक नेटवर वाईट लिहितात. मी लडकूला म्हटलं, अरे एवढं काही नाही. त्यानं परत एकदा पाण्याकडे बघितलं. मग ‘येतो’ म्हणाला. मी ‘ये’ म्हटलं. सगळे ओरडले, हसले आणि बोट सुटली.

त्यानंतर मी गाडी घेऊन गोव्याकडे गेलो. तिथं दुसरी बोट विकाऊ होती, ती बघायची होती. गाडी म्हणजे तीच गाडी. सिलिंडर मागे होता. तो उतरवून ठेवायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

खाली गेल्यावर पूर्वी नावाच्या मुलीच्या चष्म्यात पाणी शिरलं. ती घाबरली, गाइडच्या हातातून सुटली आणि सरळ वर आली. बोटीवर घेतल्यावर म्हणाली की पाय जाणवत नाहीत. लडकूनं लगेच ऑक्सिजन लावला आणि बोट वळवली. तो सिलिंडर किनारा दिसायच्या आधीच संपला. लडकू मला फोन करत राहिला. माझा फोन गाडीत होता आणि मी त्या विकाऊ बोटीच्या इंजिनात डोकं घालून होतो. धक्क्यावर गाडी नाही, सिलिंडर नाही, माणूस नाही. शेवटी मासळीच्या टेम्पोत घालून त्यानं तिला नेलं. अंगातला वारा उतरवायला हवेच्या दाबाच्या खोलीत ठेवतात, त्या इस्पितळात पोचायला फार उशीर झाला. जीव वाचला, पायांचं डॉक्टर अजून काही सांगत नाहीत.

आता मुद्दा. लडकूनं पोलिसांना एवढंच सांगितलं आहे की बोट त्याच्या स्वतःच्या हातात होती. मला त्यानं अजून एका शब्दानं दोष दिलेला नाही. भागीदारानं माझ्यासाठी जबाब तयार करून पाठवला आहे. मालकानं नको म्हटलं असताना तांडेलानं स्वतःच्या मर्जीनं बोट काढली, असं त्यात आहे. त्यावर सही केली की कंपनी वाचते आणि मीही. लडकू जातो. मी अजून सही केलेली नाही, आणि नाहीही म्हटलेलं नाही. काय करू ते सांग.

काकांना कसं सांगायचं ते तूच ठरव. या भावाला टाकू नकोस.

तुझा,
भाविक


भिवंडी
दि. २४ जानेवारी २०२६

प्रिय भाविकदादा,
स. न. वि. वि.

आधी वकील म्हणून. मी तुझी वकील होऊ शकत नाही. तो कागद मी लिहिला आहे, उद्या मलाच साक्षीला बोलावतील. तिकडच्या एका अनुभवी वकिलांचा नंबर पाठवते, आजच भेट. पाण्यावर बोट कशी चालवली याचं उत्तर तांडेल देतो. ती पाठवली कुणी आणि मदतीची सोय का नव्हती, याचं उत्तर मालकानं द्यायचं असतं. ही दोन वेगळी उत्तरं आहेत. तुझा भागीदार दुसरं उत्तर पहिल्याच्या खाली लपवतो आहे.

आता बहीण म्हणून. तो जबाब खोटा आहे आणि तुला ते माहीत आहे. मला विचारतोस याचा अर्थच तो. मी तुझ्यावर चिडले आहे, आणि त्याहून जास्त घाबरले आहे.

बाबांना सगळं सांगितलं. जेवणावरून उठले, रिक्षा बोलावली आणि मला त्या मुलीच्या, पूर्वीच्या, घराचा पत्ता शोधून काढायला लावला. ती अजून इस्पितळात आहे असं कळलं, तेव्हा रिक्षावाल्याला परत पाठवून ओट्यावर बसले. घरी आणली की जाणार म्हणतात.

धीर धर, आणि तुझ्यावर जीव असणारी माणसं इथं आहेत हे विसरू नकोस.

तुझी,
उन्नती


अंजूर
दि. ३१ जानेवारी २०२६

चि. भाविक यास अनेक आशीर्वाद.

काल काल्हेरला पूर्वीकडे जाऊन आलो. नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर घर आहे. पोरीची आई चहा घेऊन आली, तेव्हा मी कोण ते सांगितलं. मला वाटलं, आता जा म्हणेल. मग तिनं कप माझ्यापुढं ठेवला आणि आत निघून गेली. तो चहा मी प्यायलो, पण कसा प्यायलो ते माझं मला माहीत.

पोर भिंतीला धरून चालते. उजवा पाय बरा आहे, डावं पाऊल अजून जमिनीला टेकलं की नाही ते तिला खाली बघितल्याशिवाय कळत नाही. डॉक्टर म्हणतात येईल, कधी ते सांगत नाहीत. तिनं मला ना पैशाचं विचारलं, ना केसचं. तिला एकच गोष्ट समजत नव्हती. निघताना सगळे ‘येतो’ म्हणाले, तेव्हा निळा शर्ट घातलेल्या माणसानं हसून ‘ये’ म्हटलं होतं. टेम्पोत ती लडकूला सारखी विचारत होती, की तो माणूस कुठं आहे. लडकू म्हणत राहिला, येतोय, वाटेत आहे. तो का आला नाही, एवढंच तिला माझ्याकडून हवं होतं.

संध्याकाळी हिरामण येऊन ओट्यावर बसला. मला वाटलं, मुलाचं काहीतरी काढेल. पोराला तिकडं जेवाय मिलतं ना, एवढंच विचारलं आणि उठला.

जबाबात काय सांगायचं ते मी सांगणार नाही. मी सांगितलं म्हणून केलंस तर ते माझं होईल, तुझं नाही. मी तुझ्यावर फार रागावलो आहे. आणि तुझ्या काळजीनं मला घास जात नाही, हेही तेवढंच खरं आहे.

दोन्ही पोटात घालून घे.

तुझा,
पंढरीकाका


खाजणवाडी
दि. ५ फेब्रुवारी २०२६

ती. काकांस भाविकचा शि. सा. न.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तो निळा शर्ट अजून खुंटीवर आहे.

भागीदाराला त्याचा जबाब परत पाठवला. त्यानं अंग काढून घेतलं आहे. येत्या सोमवारी मी पोलीस ठाण्यात जाऊन खरं सांगणार आहे. तांडेल नको म्हणाला, मी पाठवलं, आणि पाठवून धक्का सोडला. वकील म्हणतात, अटक होऊ शकते, जामीन बहुतेक मिळेल, खटला मात्र वर्षानुवर्षं चालेल आणि परवाना गेलाच असं धरून चाला. हे लडकूला सांगितलं तर पहिल्यांदाच तो माझ्यावर भडकला. बोट न काढणं त्याच्या हातात होतं, तो का गप्प बसला, याचं त्याला स्वतःलाच उत्तर द्यायचं आहे म्हणे. मी म्हटलं, ते तू दे. माझं मला देऊ दे.

बोट ओढून किनाऱ्यावर घेतली आहे, वर ताडपत्री टाकली आहे. म्हणजे तुमची शपथ आता खरं तर सुटली. पण तो आधार घेऊन मी फोन करणार नाही. धंदा मी बंद केलेला नाही, तो बंद पडला आहे, आणि हा फरक तुम्ही ओळखाल.

काका, मला भीती वाटते. हे इथं कुणाला सांगता येत नाही म्हणून तुम्हाला लिहितो. पूर्वीला भेटायला मी तिच्या घरी जाईन, पण जबाब देऊन मगच. आधी गेलो तर ती माफी मागण्यापेक्षा रदबदली वाटेल.

काकीला सांभाळा. तुमचा हात डोक्यावर असू द्या, दुरून का होईना.

आपला,
भाविक


मुक्काम खाजणवाडी
सोमवार, दि. ९ फेब्रुवारी २०२६

चि. भाविक यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र टपालानं आलेलं नाही. तू वाचतोस तेव्हा मी तुझ्या दारात, तुझ्यासमोर उभा आहे. एसटी स्टँडच्या बाकड्यावर बसून लिहिलं, म्हणून अक्षर वाकडं आहे.

शपथ सुटली की मोडायची, यावर घरी दोन दिवस भांडण झालं. उन्नतीच्या मते अट पुरी झाली, विषय संपला. मला ते पटेना. शेवटी तुझी काकी म्हणाली, देवी काय कोर्ट हाय का, नारळ फोडा नि पोराकडं जा. नारळ फोडला आणि निघालो. तिनं पिशवीत पुन्हा बोंबील दिले आहेत, ते लडकूकडे ठेव.

तुझा धंदा मला तेव्हा पटला नव्हता आणि आज पटलेला नाही. काल्हेरच्या पोरीचं पाऊल बरं होवो, पण झालं तरी हे तुझ्या नावावर राहणार, ते मी पुसायला आलेलो नाही. तू दुसऱ्याच्या नावावर घातलं नाहीस म्हणून आलो आहे.

येताना पोलीस ठाणं बघून आलो. समोर तीन-चार पायऱ्या आहेत, जरा सावलीही आहे. आत तुला वेळ लागेल. दुपार होईल, संध्याकाळ होईल, आज सोडणारही नाहीत कदाचित. मला कुठं जायचं नाही. लडकूला सांगून ठेवलं आहे, तो माझं जेवण तिथंच आणून देईल.

माया पत्रात लिहायची ती लिहून झाली, उरलेली समोर आहे.

तुझा,
पंढरीकाका

ता. क. वाचून झालं की कागद खाली ठेव, माझ्याकडे बघ आणि ‘येतो’ म्हण. त्यावरचं उत्तर मी इथं लिहिलेलं नाही. ते तोंडानं द्यायचं असतं.